फाटकावर वाजलेलं काळीज

सबूरचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. घड्याळाचा गजर त्याने कधी लावला नाही. उठायचा, चहा घ्यायचा, जाड बूट चढवायचा आणि पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत ओतकारखान्याच्या वाळूत जाऊन उभा राहायचा. साचे करणाऱ्याचं सगळं काम उभ्यानेच. बसून साचा होत नाही.

खरं नाव हजेरीपुरतं होतं. कामावर सगळे त्याला सबूर म्हणत. नवा माणूस धुमस हातात घेऊन वाळूवर तुटून पडला की मागून याचा आवाज यायचाच, "सबूर!" धुमस म्हणजे वाळू ठोकायचा जड दांडा. पेटीत लाकडाचा फर्मा ठेवायचा, त्यावर वाळू टाकायची, ती ठोकून घट्ट करायची. मग फर्मा उचलला की त्याच्या आकाराची पोकळी राहते. तिच्यात लोखंडाचा रस ओततात. ऐकायला सोपं आहे. पण वाळू जास्त ठोकली तर वाफेला वाट राहत नाही आणि मालाला भोकं पडतात. कमी ठोकली तर रस पडताच साच्याची भिंत ढासळते. फर्म्यालगत हलका हात, कडेला जड हात. मधे हात नेमका कुठे बदलायचा हे कोणी कोणाला शिकवू शकत नाही. सबूरच्या मनगटाला ते कळायचं.

एका सकाळी पेटी निम्मी भरली असताना त्याच्या छातीत कळ आली. खांद्यातून निघून जबड्यापर्यंत गेली. घाम फुटला, पण भट्टीच्या शेजारी घामाचं कौतुक कोणाला? निम्मा साचा टाकून बसायचं हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. त्याने वाळू पुरी ठोकली, फर्मा उचलला, कडा साफ केल्या, पोकळी नीट उतरली का ते वाकून पाहिलं, आणि मग भिंतीला टेकून खाली बसला.

शेजारच्या पेटीवरचा जोडीदार हातातलं काम टाकून धावला. "अरे, तू बसलास?"

कितीतरी वर्षं दोघं खांद्याला खांदा लावून काम करत होते. सबूरला पाळीत बसलेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं. तेवढ्यावरूनच त्याने ओळखलं आणि गाडी बोलावली.

त्या साच्यातला माल निर्दोष उतरला. सबूर मात्र दवाखान्यात उशिरा पोचला होता. गुठळी विरघळवायचं औषध दिलं, जीव वाचला.

"कळ आली तेव्हाच का नाही निघालात?" हृदयाच्या डॉक्टरबाईंनी विचारलं.

"साचा निम्मा होता."

"त्या साच्यापायी काळजाची समोरची भिंत गेली असेल कदाचित. त्याची किंमत कशात मोजणार?"

खाटेपाशी त्याची बायको उभी होती. धुलाईच्या दुकानात दिवसभर इस्त्री करून तिचे हात जसे भाजून घट्ट झाले होते, तशी जीभही झाली होती. ती म्हणाली, "त्यांचं बरोबरच आहे, डॉक्टरबाई. नवरा काय, दुसरा मिळेल. तसला साचा पुन्हा मिळायचा नाही."

 

काही आठवड्यांनी तपासणी झाली. काळजाची समोरची भिंत हलत नव्हती. डॉक्टरबाईंनी हाताची मूठ करून दाखवली. बाकीची बोटं मिटायची आणि उघडायची, दोन बोटं ताठ. "ही भिंत मेली असेल तर तिला रक्त नेणारी बंद नळी उघडून उपयोग नाही. रक्त कमी पडतंय म्हणून नुसती निजली असेल, तर रक्त मिळालं की उठेल. मेलेली आणि निजलेली, बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणून आतून चित्र काढायचं."

चित्र काढायची खोली तळघरात होती. दारावर पिवळी पाटी, आत थंडगार हवा, मधोमध अरुंद फळीची खाट आणि तिच्यावर वाकलेली यंत्राची दोन जाड तोंडं. चित्रं काढणारा माणूस बोलका होता. त्याने दंडात सुई दिली. सुईत किरणं टाकणारं औषध होतं, अगदी थोडं. ते रक्ताबरोबर जातं आणि काळजाच्या जिवंत मांसात शिरून बसतं. जिथे रक्त पोचत नाही किंवा मांस मेलेलं आहे, तिथे ते बसत नाही.

"आणि हे यंत्र किरणं सोडतं?" सबूरने विचारलं.

"यंत्र काही सोडत नाही, काका. ते नुसतं बघतं. उजेड तुमच्याच आतून येतो."

हात डोक्यावर घेऊन निजायचं आणि हलायचं नाही. यंत्र छातीभोवती हळूहळू फिरत राहिलं.

पडद्यावर काळजाच्या चकत्या आल्या. निरोगी काळजाची चकती पुऱ्या कड्यासारखी दिसते, केशरी आणि पिवळी. सबूरच्या चकत्या घोड्याच्या नालासारख्या होत्या. समोरची बाजू काळी.  पण डॉक्टरबाईंनी त्याला दुसऱ्या दिवशी परत बोलावलं. जिभेखाली गोळी ठेवून, रक्ताच्या वाटा जेवढ्या मोकळ्या होतील तेवढ्या करून, पुन्हा चित्र काढलं. या वेळी त्या काळ्या जागेत काहीतरी दिसलं. फार नाही. भट्टी बंद केल्यावर दुसऱ्या सकाळी विटांत राहते तेवढीच लाली.

"निजली आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सगळी नाही, पण बरीचशी. उघडू या नळी."

मनगटातून बारीक तार घालून नळी उघडली आणि आत जाळी बसवली. मग ते वाट बघायला लागले. निजलेलं मांस बोटानं टोचून उठत नाही.

इकडे कारखान्याच्या डॉक्टरांनी त्याला समोर बसवून स्पष्ट सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते. "वाळूचं काम आत्ता बंद. सहा महिने फाटकावर बसा. मग पुन्हा चित्र काढा. भिंत उठली असेल तर तुमची पेटी तुमची. नसेल तर निवृत्तीपर्यंत फाटक. यात माझ्याकडे मधला मार्ग नाही."

"मी ठणठणीत आहे, साहेब."

"साचा पुरा केलात तेव्हाही तुम्ही ठणठणीतच होतात."

फाटकावर एक खुर्ची होती. सबूरने आयुष्यात जेवढं बसून काढलं नव्हतं तेवढं त्या खुर्चीवर काढलं. फाटकाच्या दोन बाजूंना दोन उंच खांब होते. भंगाराने भरलेला प्रत्येक ट्रक त्यांच्या मधून गोगलगायीच्या चालीने न्यावा लागे. भंगारात कधी कधी कुठल्या मोडक्या यंत्रातला किरणं टाकणारा तुकडा येतो. तो चुकून भट्टीत गेला तर रस बाटतो, भट्टी बाटते, माणसांच्या अंगाला लागतं. तसा तुकडा आला की खांब ओरडत. खांब ओरडले की ट्रक मागे घ्यायचा, रिकामा करायचा, हातातल्या मापकाने एक एक तुकडा तपासायचा. यात सूट नाही.

फाटकाची मुख्य पहारेकरीण सगळ्यांची ताई होती. रुंद खांद्याची, मोजकं बोलणारी. तिने सबूरला नियम एकदाच सांगितला. पुढे त्यानेच तो इतका कडक पाळला की ट्रकवाले ताईला विनवायला लागले, त्याला समजावा म्हणून. एकदा एका ढेरपोट्या ट्रकवाल्याच्या मालावर खांब ओरडले. ऊन तापलेलं होतं.

"सबूरदादा, वाऱ्याने ओरडले असतील. जाऊ द्या ना!"

"वाऱ्याने ओरडत नाहीत."

"अहो, पोरं वाट बघतायत घरी."

"आत भट्टीवर उभे आहेत त्यांचीही पोरं वाट बघतायत. उतरव."

सगळा ट्रक उतरवला. तळाशी जुन्या यंत्राची एक तबकडी निघाली. आकडे अंधारात चमकावेत म्हणून जुन्या काळी किरणं टाकणारा रंग लावत, त्याची. एवढीशी होती. ट्रकवाला ती बघून म्हणाला, "हिच्यासाठी माझी कंबर मोडलीत!" त्यावर सबूरने त्याला पाणी दिलं. सूट दिली नाही.

घरी बायको त्याला संध्याकाळी चालायला न्यायची. डॉक्टरबाईंनी चालायला सांगितलं होतं, पण बेताने. सपाट रस्ता लागला की सबूर झपझप सुटायचा. मागून हाक यायची, अगदी त्याच्याच सुरात, "सबूर!" तो थांबून मागे बघायचा.

"चालता चालता बोलता आलं पाहिजे, असं सांगितलंय," ती म्हणायची. "बोला."

"काय बोलू?"

"लग्न झाल्यापासून जे बोलला नाहीत ते सगळं बोला. बराच साठा असेल."

हळूहळू त्याला समजलं, हेसुद्धा ठोकणंच आहे. जास्त जोर लावला तर आत कोंडतं, कमी लावला तर भिंत धरत नाही. चढ कुठे लागतो, तिथे पाऊल किती आखूड करायचं, कुठे श्वास खाली सोडायचा, हे त्याचे पाय शिकले. मनगटाला यायला वर्षं लागली होती. पायांनी तेवढी घेतली नाहीत, कारण रोज मागून कोणीतरी ओरडत होतं.

सहा महिने भरले. आदल्या दिवसापासून चहा बंद, औषधं सांगितली तशी. बायकोला दुकानातून सुटी मिळाली नाही. दाराशी ती एवढंच म्हणाली, "जास्त शहाणपणा करू नका. जेवढं सांगतील तेवढंच."

तळघरातल्या त्या माणसाने त्याला ओळखलं. "या काका, बघू भिंत काय म्हणते." आधी आरामातलं चित्र काढलं. मग छातीला तारा चिकटवून चालत्या पट्ट्यावर उभं केलं. पट्टा हलायला लागला. मग तिरपा झाला. मग जोरात. सबूर कठडा धरून बसला नाही, हात सोडून चालला. मांड्या पेटल्या, पाठ भिजली. डॉक्टरबाईंची नजर पडद्यावर. काळीज पुऱ्या जोरात आलं तेव्हा त्यांनी खूण केली आणि दंडातल्या सुईतून औषध आत गेलं.

"आता थांबायचं नाही," त्या म्हणाल्या. "आणखी एक मिनिट, याच जोराने. औषध जिथे जायचं तिथे आत्ता जातंय."

ते मिनिट त्याने वाळूतल्या मिनिटासारखं काढलं. पाऊल वाकडं नाही, जोर कमी नाही, जास्त नाही. पट्टा थांबला तेव्हा छातीत कळ नव्हती. नुसता दम होता. चांगल्या कामानंतरचा.

पुन्हा खाट, पुन्हा हात डोक्यावर, पुन्हा ती जाड तोंडं छातीभोवती. दुपारी डॉक्टरबाईंनी त्याला पडद्यासमोर बसवलं. वरच्या ओळीत जुनी चित्रं, खालच्या ओळीत आजची. सबूरने खालची ओळ बघितली. मग वरची. मग पुन्हा खालची.

कडी पुरी होती. समोर एका ठिकाणी जरा फिकट, पण पुरी. आणि डॉक्टरबाईंनी चित्र हलतं केलं तेव्हा ती भिंत आत येत होती, बाहेर जात होती. बाकीच्यांच्या बरोबरीने.

"उठली," डॉक्टरबाई म्हणाल्या. एरवी कमी हसणारी बाई. आज हसली. "मी कारखान्याच्या डॉक्टरांशी आत्ता फोनवर बोलते. वाळूत जा खुशाल. पण कळ आली की साचा सोडायचा. कबूल?"

"कबूल."

निघताना चित्रं काढणाऱ्याने बजावलं. "भरपूर पाणी प्या. आणि आजचा दिवस लहान बाळ घेतलेल्या किंवा गरोदर बाईजवळ बसू नका. अंगातून अजून किरणं येतायत. उद्या-परवापर्यंत संपतील."

सबूर दवाखान्याबाहेरच्या नळावर पाणी प्यायला आणि त्याने बायकोच्या दुकानात फोन लावला.

"भिंत उठली."

पलीकडे फक्त इस्त्रीची वाफ सुटल्याचा आवाज. 

"ऐकलंस ना?"

"ऐकलं," ती म्हणाली.  "येताना साबण आणा. संपलाय."

पण घरी जायला पाय तयार नव्हते. जोडीदाराला सांगायचं होतं. आजच, त्याच्या तोंडावर. बस आली. पायरीवर चढता चढता त्याने पाहिलं, रिकामी एकच जागा आणि शेजारी तान्हं बाळ घेतलेली बाई. सांगितलेलं त्याने काटेकोर पाळलं. खाली उतरला आणि बस जाऊ दिली. तेवढ्यात मागून कर्कश हॉर्न वाजला. तोच ढेरपोट्या ट्रकवाला. मागे भंगाराचा डोंगर.

"दादा, कारखान्यावर? चढा! वर बसा, नियम नाही सांगणार."

रस्ताभर सबूरने त्याला कड्याची आणि नालाची गोष्ट सांगितली. ट्रकवाल्याला निम्मी कळली, पण आनंद पुरा झाला.

फाटक आलं. ट्रक गोगलगायीच्या चालीने खांबांमधून शिरला आणि दोन्ही खांब जिवाच्या आकांताने ओरडले.

ट्रकवाल्याने कपाळ बडवलं. "तुम्ही बसलात की असंच होतं!"

ताई हात वर करून पुढे आली. "मागे घे. उतरव."

"ताई, अहो सकाळी मी स्वतः..."

"उतरव."

सबूर उडी मारून खाली आला. "चल, मी लागतो." आणि लागला. सहा महिन्यांनी हातात लोखंड. पत्रे, दांडे, फुटके पंप, गंजलेल्या साखळ्या. वाकायचं, उचलायचं, टाकायचं. ताई मापक घेऊन ढिगाभोवती फिरत होती. मापक टिकटिकत होता, पण धड कुठेच सापडत नव्हतं. ती डावीकडे गेली की डावीकडे वाजायचा. उजवीकडे गेली तर तिथे. सबूर जिथे पत्रे टाकायचा तो ढीग वाजायचा. तो दुसरीकडे गेला की पहिला ढीग गप्प.

"ह्या भंगारात भूत आहे," ट्रकवाला म्हणाला.

ट्रक तळापर्यंत रिकामा झाला. ताईने तो रिकामाच पुन्हा खांबांमधून नेला. खांब गप्प. सबूर लांब सावलीत उभा असताना ढीग तपासला. गप्प. ताईने घाम पुसला आणि शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या सबूरला काहीतरी विचारायला वळली. हातातला मापक त्याच्या छातीसमोर आला आणि किंचाळायला लागला.

ताईचे डोळे बारीक झाले. "खिशात काय उचलून टाकलंत?"

सबूर स्वतःच्या खिशाकडे बघत राहिला. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला, आणि तो इतक्या जोरात हसला की गेल्या सहा महिन्यांत तसा हसला नव्हता.

"खिशात काही नाही, ताई. खिशाच्या आत आहे. काळीज वाजतंय माझं! सकाळी सुई दिलीय."

ट्रकवाला मटकन खाली बसला. समोर त्याचा अख्खा माल जमिनीवर पसरलेला. "म्हणजे माझा ट्रक चोख! भंगार तुमचा दादाच निघाला!"

"भंगार नाही," सबूर म्हणाला. "पक्का माल. चित्र बघून आलोय."

तो फाटकाकडे निघाला, तर ताई आडवी. "खांब ओरडतात तो आत जात नाही. माणूस असो की पत्रा. नियम तुम्हीच सगळ्यांना शिकवलात."

यात तिचं काही चुकलं नव्हतं. सबूर जाळीच्या बाहेरच उभा राहिला. चहाची सुटी झाली होती. काय चाललंय ते बघायला पाळीतली माणसं जाळीपाशी जमली, काळ्या तोंडांची, वाळूने माखलेली. जोडीदार सर्वांत पुढे.

"काय रे, बाहेर का?"

"आत घेत नाहीत. फार चमकतोय."

"ते जाऊ दे. भिंतीचं काय?"

"उठली!" सबूर ओरडला. "पुरं कडं आहे!"

जाळीवर हात आपटले गेले. कोणी तरी पत्र्यावर ठोके धरले.  जोडीदाराने जाळीच्या भोकातून दोन बोटं बाहेर काढली आणि सबूरने ती धरली. ताईने ते पाहिलं आणि मापक दुसरीकडे फिरवला.

गोंगाट ऐकून कारखान्याचे डॉक्टर आले. डॉक्टरबाईंचा फोन त्यांना आलेला होता. त्यांनी रिकामा ट्रक बघितला, भंगाराचा डोंगर बघितला आणि सबूरचे गंजाने लाल झालेले हात.

"हे कोणी उतरवलं?"

"आम्ही दोघांनी."

"कळ?"

"नाही."

"दम?"

"कामाइतका."

डॉक्टरांनी मान हलवली. "आजच्या दिवशी हे करायला कोणी सांगितलं नव्हतं. परत केलंत तर फाटकच. आता घरी जा आणि झोपा. पुढच्या आठवड्यात पहिल्या पाळीला या." मग आवाज खाली आणून म्हणाले, "अभिनंदन." पण आधी सबूरने ट्रकवाल्याबरोबर सगळा माल परत चढवला. बेताने, मधे मधे थांबून. ज्याच्यामुळे उतरला त्यानेच चढवायचा, एवढं साधं.

पुढच्या आठवड्यात सबूर खांबांमधून चालत गेला. खांब गप्प राहिले. ताईने नुसती मान हलवली. वाळूत त्याची पेटी जोडीदाराने साफ करून ठेवली होती. त्याने फर्मा ठेवला, वाळू टाकली, धुमस उचलला. फर्म्यालगत हलका हात, कडेला जड. पहिल्या साच्याला नेहमीपेक्षा वेळ जास्त लागला. रस ओतला, तो निवला, साचा फोडला. भोक नाही, भेग नाही. तुकडा उचलून जोडीदाराने त्यावर हातोडीने टोला दिला आणि कान लावला. चांगला माल स्वच्छ वाजतो. हा वाजला.

निवृत्तीपर्यंत त्याने वाळू सोडली नाही. दोनदा छातीत काहीतरी वाटलं. दोन्ही वेळा त्याने निम्मा साचा सोडला, बसला, सांगितलं. दोन्ही वेळा काही निघालं नाही. सोडलेल्या साच्यांचं वाईट वाटलं, पण सोडले.

त्या वर्षांच्या मजुरीतून शेवटी एक घर झालं. लोकांनी सांगितलं, तळमजला घे, तुझ्यासारख्याने जिने चढू नयेत. बायकोही तेच म्हणत होती. सबूरने सगळी घरं बघितली आणि चौथ्या मजल्यावरचं घेतलं. लिफ्ट नाही. दोन खोल्या, मोठी खिडकी, दुपारपर्यंत ऊन.

"चढणार कोण?" बायकोने विचारलं.

"मी."

"आणि मी?"

"तू मागून ओरडायचं."

सामान त्याने स्वतः वर नेलं. एका वेळी पेलेल तेवढंच, प्रत्येक वळणावर थांबून. सगळ्यात शेवटी लोखंडी कपाट राहिलं, तेवढ्यासाठी जोडीदाराला बोलावलं. मग दोघं खिडकीत बसले आणि बायकोने चहा ठेवला.